टिंब ओळ ओलांडत नाही

महादेवने एंटरचं बटण दाबलं, खुर्चीत मागे रेलला आणि धाकट्या भावाला म्हणाला, "शाम्या, चहा ठेव. तुझ्या चहाला उकळी यायच्या आत चारशे अकरा आवतणं पोचत्यात बघ."

"चहा उकळायच्या आत?" शामूने लॅपटॉपकडे लांबूनच पाहिलं. "मागच्या यात्रेला आबा आन् मी मोटरसायकलवर एकवीस दिवस हिंडलतो. एका गावात कुत्रं मागं लागलं, पायतान तिथंच ऱ्हायलं माझं."

"म्हणून तर माणसानं शिकत राहावं."

कंग्राळीची लक्ष्मीयात्रा अठरा वर्षांनी आली होती. अशी यात्रा एकदा आली की घरोघरी मांडव पडतात आणि ओळखीपाळखीच्या एकूण एक माणसाला जेवायला बोलवावं लागतं. कुणाच्या दारात किती पानं उठली याची चर्चा पुढच्या यात्रेपर्यंत पुरते. महादेवची आई जयाबाई शहात्तर वर्षांची होती. "पुढची यात्रा बगायला मी काय ऱ्हात न्हाय," असं ती दिवसातून दोनदा सांगे. त्यामुळे यंदा एकही माणूस सुटता कामा नये, आणि मांडवात एकही जागा रिकामी राहता कामा नये, हे घरात ठरून गेलं होतं.

माणसं सुटू नयेत म्हणून जयाबाईने एक वहीच केली होती. मागच्या यात्रेपासून ती लिहीत आली होती. नाव, गाव, नातं, फोन, जेवण, आणि सगळ्यात शेवटी शेरा. चौथीपर्यंतच्या शाळेत तिला दरसाल प्रगतिपुस्तकावर शेरा मिळे. तो तिच्या मनात इतका पक्का बसला होता की ओळखीच्या माणसाला शेरा दिल्याशिवाय त्याची नोंद पुरी झाली असं तिला वाटतच नसे. अक्षर बोराएवढं. एका ओळीत पाच-सहा शब्द मावायचे, आणि मग खालची ओळ.

महादेव शहरात, टिळकवाडीत राहायचा आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयातल्या अकरा हजार पुस्तकांच्या याद्यांचा चिवडा झाला होता. तो त्याने रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची विद्या शिकून एका सुट्टीत निवडून काढला होता. मजकुरात काय शोधायचं याचा नमुना खुणांनी लिहायचा, आणि मग स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, तो नमुना हजारो ओळींतून वेचून काढते. तेव्हापासून जगात जे काही विस्कटलेलं आहे ते एका ओळीच्या नमुन्याने सरळ होईल, असा त्याचा विश्वास बसला होता.

वही टाइप करायचं काम त्याने मुलीला, ऋतिकाला दिलं. "वहीत जिथं ओळ तुटती तिथंच तोडायची. आपल्या मनानं काहीही जोडायचं न्हाय," असं बजावलं. ऋतिकाने आठ दिवस तोंड दाबून हसत चारशे बारा नोंदी टाइप केल्या. शेवटी एवढंच म्हणाली, "पप्पा, आज्जीचे शेरे लई लांब हायत हं."

"लांब असूदेत न्हाय तर आखूड. 'शेरा' शब्दापुढं मी एक टिंब आणि एक तारा टाकलाय. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा. जे काय असंल ते गिळून टाकतंय."

नातं, फोन, जेवण आणि शेरा गाळायचा, नाव-गाव ठेवायचं, त्याखाली निमंत्रणाचा मजकूर जोडायचा आणि ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, अशी ती स्क्रिप्ट होती. पहिल्या तीन नोंदींवर तपासणीही झाली. रिवाजाप्रमाणे पहिलं आवतण देवीला, म्हणून पहिली नोंद श्री लक्ष्मीदेवीची होती. दुसरी पुजाऱ्याची, तिसरी गावच्या पाटलांची. तिन्ही अगदी स्वच्छ निघाल्या. देवीकडे फोन नसल्यामुळे चारशे अकरा.

चहा खरोखरच उकळायच्या आत आवतणं पोचली. कारण चहा गाळायच्या आत पहिला फोन आला.

"महादेवराव, मारुतीराव बोलतोय." हे महादेवच्या बहिणीचे सासरे, म्हणजे मोठा मान. "मेसेज मिळाला. वाचून दाखवू का?"

"दाखवा की!" महादेवने कौतुक ऐकायच्या तयारीने फोन स्पीकरवर टाकला.

"'श्री. मारुतीराव पाटील. मुक्काम येळ्ळूर. पण जेवायला बसलं की तासभर उठत न्हाय. सप्रेम नमस्कार. आमच्याकडील यात्रेस आपण सहकुटुंब अगत्य यावे.'" मारुतीराव पुढे म्हणाले, "यावं, आणि किती वेळात उठावं, तेवढं कळवा. म्हणजे घड्याळ घालून येतो."

फोन बंद झाला. शामूने गाळणी तशीच हातात धरली होती. "दादा, हे आईच्या वहीतलं वाटतंय मला."

महादेवने लॅपटॉप पुढे ओढला आणि मारुतीरावांची नोंद काढली. आईने लिहिलं होतं :

शेरा : देवमाणूस. अडचणीला धावून येतो,
पण जेवायला बसलं की
तासभर उठत न्हाय.

टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, हे खरं होतं. पण ओळ जिथं संपते तिथं टिंब थांबतं. ते ओळ ओलांडत नाही. हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती. ग्रंथालयातल्या यादीत प्रत्येक पुस्तक एका ओळीत होतं, त्यामुळे तिथं कधी गाठ पडली नव्हती. इथं टिंबाने शेऱ्याची पहिली ओळ इमानाने गिळली होती, आणि खालच्या ओळी नाव-गावाच्या खाली पत्त्यासारख्या शिल्लक राहिल्या होत्या. देवी, पुजारी आणि पाटील यांच्यावर आईने एका ओळीच्या वर लिहायचं धाडस केलं नव्हतं, म्हणून तपासणीत ते दिसलं नाही.

त्यात जयाबाईची एक पद्धत होती. माणसाबद्दल ती आधी चांगलं लिही. मग 'पण' लिही. चांगलं सगळं पहिल्या ओळीत बसून जाई. म्हणजे टिंबाने नेमकं चांगलं तेवढं खाल्लं होतं, आणि प्रत्येकाला 'पण'पासून पुढचं पोचलं होतं.

फोन पुन्हा वाजला. हा मष्णू, शामूचा मेहुणा.

"दाजींना द्या. दाजी व्हय? 'पण पोटात गेली की मांडवाचा खांब धरून नाचतोय', हे कुणी लिवलं?"

"मष्णू, मर्दा, ते कॉम्प्युटरनं..." शामू म्हणाला.

"कॉम्प्युटरला काय म्हाईत मी नाचतोय ते?"

तोवर जयाबाई पडवीतून आत आली. काय झालं ते ऋतिकाने तिला समजावून सांगितलं. ऋतिकाला हसू आवरत नव्हतं, म्हणून समजवायला वेळ लागला.

"मग खोटं हाय व्हय?" जयाबाई म्हणाली. "नाचत न्हाय मष्णू?"

"आई, नाचतो गं. पण ते त्याला सांगायचं नसतं!"

"मी कुटं सांगितलं? मी वहीत लिवलं. सांगितलं तू." मग तिला आठवलं. "आन् मी आधी चांगलं लिवलेलं? ते कुटं गेलं?"

"ते टिंबानं खाल्लं."

जयाबाईने बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिलं. "दिसतंय तर गरीब," ती म्हणाली. आणि जाता जाता, कुणाकडेही न बघता विचारलं, "रवळूचा आला का फोन?"

रवळू म्हणजे जयाबाईचा एकुलता एक भाऊ, खानापूरकडचा. मागच्या यात्रेला तो पहिल्या पंगतीला पानावर बसला होता. तेवढ्यात नवे व्याही आले, जागा नव्हती, आणि जयाबाईने लगबगीत भावालाच सांगितलं, "रवळू, ऊठ रं, तू घरचाच हाईस, मागनं बस." भरल्या पानावरून उठवलेला रवळू जो निघाला तो परत या उंबऱ्याला आला नाही. अठरा वर्षं घरात त्याचं नाव काढायला बंदी होती. वहीत मात्र त्याचं नाव होतं, फोन नंबरासकट. तो नंबर तिने कुठून मिळवला हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"न्हाय आला," शामू म्हणाला.

"यायचा न्हायच," जयाबाई म्हणाली आणि निघून गेली.

आता महादेवने बाह्या सरसावल्या. त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळला असला तरी विद्येवरचा नव्हता. "चूक किती जणांची झाली ते आधी मोजू. तेवढ्यांचीच माफी मागायची. बाकीच्यांना कशाला कळू द्या?"

त्याने टिंबाला ओळ ओलांडायची परवानगी दिली आणि स्क्रिप्टला विचारलं, एका ओळीपेक्षा लांब असे शेरे किती? क्षणात उत्तर आलं. एक.

"बघ!" महादेवचा चेहरा उजळला. "उगाच घाबरलो. फक्त एक!"

"एक? फोन तर दोन आलं की वो पप्पा."

"कोण हाय तो एक?" शामूने विचारलं.

महादेवने नाव वाचलं. "श्री लक्ष्मीदेवी. मुक्काम कंग्राळी."

शामूने हात जोडले. "म्हंजे माफी देवीची मागायची? मागूया. गरज हायच."

झालं होतं असं, की ओळ ओलांडायची मोकळीक मिळाल्याबरोबर टिंब आणि तारा देवीच्या शेऱ्यापासून सुटले होते, ते कुठंही न थांबता चारशे बारा नोंदी पार करून वहीच्या शेवटच्या अक्षराला टेकले होते. सगळं गणगोत त्यांना देवीचा एकच लांबलचक शेरा वाटला होता. नोंद संपून कोरी ओळ आली की थांबायचं, हे महादेवने त्यांना सांगितलंच नव्हतं. ते सांगितल्यावर खरा आकडा आला. दोनशे अडुसष्ट.

तोवर आणखी सात फोन येऊन गेले होते. त्या घाईत महादेवने जे केलं ते एरवी त्याने कधीच केलं नसतं. त्याने दोनशे अडुसष्टांऐवजी सगळ्यांनाच मेसेज पाठवला : 'निमंत्रणात चुकून आलेल्या खाजगी शेऱ्याकडे कृपया दुर्लक्ष करावे. तसदीबद्दल क्षमस्व.'

आता ज्यांच्या मेसेजमध्ये काहीच आलं नव्हतं, त्यांचे फोन सुरू झाले.

"एन्री, काय हो महादेवराव," निपाणीहून पद्मराज अण्णा बोलत होते. तंबाखूचे व्यापारी, महादेवच्या वडिलांचे, आबांचे, जुने स्नेही. "शेऱ्याकडे दुर्लक्ष करा म्हणता. आम्ही तीनदा बघितलं. शेरा कुठाय?"

"तुम्हाला नाही आला अण्णा. चांगलंच झालं."

"का नाही आला? वहीत नाही का आमच्याबद्दल काही?"

"आहे की. एकच ओळ आहे."

"वाचा."

महादेवने घसा साफ केला. "'शाकाहारी. कांदा-लसूण न्हाय.'"

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"तीस वर्षांचं येणं-जाणं," पद्मराज अण्णा दुखऱ्या आवाजात म्हणाले. "आणि जयाक्कांना आमच्यातलं सांगण्यासारखं फक्त कांदा-लसूण वाटलं? मष्णूवर म्हणे तीन ओळी आहेत."

मष्णूवरच्या ओळी निपाणीला कशा पोचल्या हे विचारायचं महादेवच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. माणसं एकमेकांना मेसेज दाखवत होती. कुणाला किती ओळी, याची तुलना चालली होती.

यात्रेला पंधरा दिवस उरले होते. ते महादेवने नोकरीला जाऊन काढले, पण पुस्तकांत मन लागेना. कुणाचाही 'येतो' असा निरोप नव्हता. "आई, बकरी दोन कमी सांगूया का?" असं त्याने भीत भीत विचारलं.

"एक बी कमी करायचं न्हाय," जयाबाई म्हणाली. "न्हाय आलं कोण तर तू खायाचं सगळं."

जेवणाचा दिवस उजाडला. गावात स्पीकर घुमत होते, शेजारच्या मांडवात पहिली पंगत बसली, उठली. जयाबाई नवी इरकल नेसून दारातल्या खुर्चीवर बसली होती, आणि मांडवात शंभर पानं मांडून ठेवलेली. साडेअकरा वाजले. पानांवर एक कोंबडी फिरून गेली. शामूने तिला हाकललं नाही. महादेवला वाटलं, आपण चाळीस वर्षं पुस्तकांत डोकं घालून बसलो, तिथंच बसायला हवं होतं. माणसांच्या यादीला हात लावायला नको होता.

पावणेबाराला मारुतीराव आले. सहकुटुंब. मनगटावर खरोखरच घड्याळ.

"जयाक्का, जेवायला आलेलो न्हाय," ते उभ्या उभ्या म्हणाले. "'पण'च्या आधी काय होतं, तेवढं ऐकायला आलोय. पंधरा दिवस झोप न्हाय मला."

जयाबाईने महादेवकडे बघून मान हलवली. "आण रं वही. वाच."

महादेवने वही आणली आणि वाचलं. देवमाणूस, अडचणीला धावून येतो. मारुतीरावांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग डोळे पुसले, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पानावर बसले ते सव्वा तास उठले नाहीत.

त्यांच्या मागून मष्णू आला. ('काळजानं लई मोठा. आईबापाला सांभाळलं.') मग येळ्ळूरचे, उचगावचे, चिक्कोडीचे. एकाच जीपमधून चौदा जण उतरले. 'पण'च्या आधी काय, हा प्रश्न प्रत्येकाला पंधरा दिवस कुरतडत होता. वाचून घ्यायला रांग लागली. महादेव टेबल टाकून बसला, नाव विचारून नोंद काढू लागला. ग्रंथालयात त्याच्या टेबलासमोर इतकी गर्दी कधी झाली नव्हती. पद्मराज अण्णा आले तेव्हा जयाबाईने त्यांच्या देखत पेन मागून घेतलं आणि त्यांच्या नोंदीत बोराएवढ्या अक्षरांनी चार ओळी वाढवल्या. त्यात 'पण' होता. अण्णा तृप्त होऊन शेजारच्या घरी केलेल्या शाकाहारी पंगतीला गेले.

तिसरी पंगत बसायच्या वेळी मांडवाच्या तोंडाशी एक वाळका, उंच म्हातारा येऊन थांबला. डोक्याला पटका, हातात फोन. तो आत येईना. जयाबाई खुर्चीतून उठली, पण तीही पुढे जाईना.

"रवळूमामा," शामू पुटपुटला.

म्हाताऱ्याने फोन महादेवच्या पुढ्यात धरला. निमंत्रणात रवळूच्या नाव-गावाखाली तीन ओळी होत्या :

पर आला तर पयल्या पंगतीला बसवायचं.
कुणासाठी बी उठवायचं न्हाय.
शेंगापोळ्या ताज्या करायच्या.

"सुनंनं वाचून दावलं," रवळू म्हणाला. "मला एवढंच पायजे. 'पर'च्या आधी काय लिवलंय आक्कानं?"

महादेवने पान उघडलं. सगळ्या वहीत ही एकच नोंद अशी होती, की जिच्यात जयाबाईने चांगलं आधी लिहिलं नव्हतं. पहिल्या ओळीत रागाने दाबून, कागद फाटेल इतक्या जोरात लिहिलं होतं :

शेरा : याला बोलवायचं न्हाय.

महादेवने वर बघितलं. आई त्याच्याकडे बघत होती. अठरा वर्षं तिचा असा चेहरा त्याने पाहिला नव्हता. आयुष्यात त्याने नोंदीतलं एक अक्षर आपल्या मनाने बदललं नव्हतं. पुस्तकाच्या नावातली छापखान्याची चूकसुद्धा तो तशीच उतरून घ्यायचा.

त्याने घसा साफ केला आणि स्पष्ट आवाजात वाचलं, "'माझा एकटा भाऊ. माझंच चुकलं.'"

रवळूने वहीकडे हात नेला. "बगू."

जयाबाईने झटकन वही ओढून घेतली. "हात धू आदी. परवासातनं आलाईस. वही खराब हुईल."

"लिवलंय न्हवं पर तसं?"

"वाचलं न्हवं त्यानं? शिकलेला हाय त्यो. काय मनाचं वाचंल व्हय?"

रवळूने फोन खिशात टाकला. मग पायतान काढून मांडवात आला आणि पंगतीत मधोमध बसला. "तिसरी पंगत हाय गं ही," तो म्हणाला. "पयल्या पंगतीला म्हणून लिवलंय."

"तू बसलास की तीच पयली," जयाबाई म्हणाली आणि शेंगापोळ्या भाजायला स्वतः आत गेली. पीठ सकाळीच मळून ठेवलेलं होतं.

दिवस कलला तेव्हा चारशेच्या वर पानं उठली होती. मष्णू खांब धरून नाचत होता, आणि आता कुणाला काही लपवायचं नसल्यामुळे बाकीचे टाळ्या वाजवत होते. जयाबाई महादेवच्या टेबलाशी येऊन बसली. रवळूचं पान काढून तिने पहिल्या ओळीवर सावकाश काट मारली, आणि वर महादेवने वाचलेलं सगळं तसंच्या तसं लिहून घेतलं. मग घरच्यांसाठी राखलेलं, टाइप करायला न दिलेलं मागचं एक पान उघडून वही त्याच्यापुढे सरकवली.

"हे तुजं. कवा लिवलंय बग. वाच."

महादेवने चष्मा नीट केला. 'शेरा : पोरगं लई हुशार, मनानं चांगलं,' असं पहिल्या ओळीत होतं. खाली आणखी पाच-सहा ओळी दिसत होत्या, आणि त्यातल्या पहिलीचा पहिला शब्द काय असणार हे त्याला न वाचताही माहीत होतं.

तो ओळीच्या टोकाशी थांबला आणि वही मिटून आईकडे परत दिली.